भाड्याच्या घरातली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. भिंतीला टेकवायची नव्हे, घडीची. चार पायांवर आपली आपण उभी राहणारी. माझ्या अंगावर इतक्या रंगांचे थेंब पडले आहेत की मूळचं लाकूड कोणत्या रंगाचं होतं हे आता मलाही सांगता यायचं नाही. ज्या घराच्या कोपऱ्यात मी उभी आहे, त्या घराबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. तिथे कुणीतरी आहे, असं म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. कुणीतरी होतं, आणि ते कोण होतं हे पहिल्यापासून फक्त मला ठाऊक होतं. पण मला पाय चार मिळाले आणि तोंड एकही मिळालं नाही, म्हणून ही हकीकत सांगायला एवढा उशीर झाला.

माझा जन्म मोडीत काढलेल्या दारांच्या चौकटींतून झाला. सुताराने त्या चौकटी रंधल्या, पायऱ्या ठोकल्या, वर बसायला एक रुंद फळी लावली आणि मला एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या हवाली केलं. माझा एक पाय किंचित आखूड राहिला होता. पेंटरनी त्याच्याखाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा ठोकला. तेव्हापासून मला उघडलं की आधी बिजागरी किर्र करते आणि मग तो पाय जमिनीवर टक करून टेकतो. किर्र, टक. एवढा एकच आवाज मला काढता येतो, मित्रांनो, आणि त्याच आवाजाने पुढे सगळा घोटाळा केला.

माझी तरुणपणची वर्षं रस्त्यावर गेली. औषधांची दुकानं, शिंप्यांची दुकानं, दातांचे दवाखाने, सगळ्यांच्या पाट्या आम्ही दोघांनी रंगवल्या. पेंटर माझ्या फळीवर बसून अक्षरं काढायला लागले की येणारे-जाणारे मान वर करून बघत उभे राहायचे. कुणी म्हणायचं, "काय हात आहे हो तुमचा!" पेंटर खाली न बघता उत्तर द्यायचे, "हात माझा, पाय हिचे." मला काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! संध्याकाळी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते आधी ब्रश पुसायचे, मग स्वतःचे हात आणि शेवटी मला. टर्पेंटाइन म्हणजे रंग पातळ करायचं तेल. त्याचा वास असा उग्र की नवख्या माणसाचं डोकं धरतं. मला मात्र तो वास आला की वाटायचं, चला, आजचं काम संपलं.

मग यंत्रावर छापलेल्या चकचकीत पाट्या आल्या. सकाळी सांगितलं की संध्याकाळी पाटी तयार. पेंटरकडे येणारी माणसं हळूहळू कमी झाली आणि एक दिवस नुसते पत्ता विचारणारेच उरले. पेंटर रडत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आपल्या कामाचा लहानसा गाळा विकला आणि जे हाती आलं त्यात एक दोन खोल्यांचं घर घ्यायचं ठरवलं. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणते. काकूंना हा बेत मुळीच पसंत नव्हता.

"अहो, एक घर सांभाळताना माझ्या नाकीनऊ येतात. दुसरं कुठे गळ्यात बांधून घेता?"

"अगं, पाट्या यंत्राने रंगवता येतात," पेंटर म्हणाले. "घरात राहायला मात्र अजून माणूसच लागतो."

घर बघायला ते मलाही हातगाडीवर घालून नेत. लोकांना वाटायचं, हा माणूस घर बघायला आलाय की रंगवायला? पण पेंटरची रीतच तशी होती. माझ्यावर चढून ते छताच्या कोपऱ्याला तळहात लावून बघायचे, ओल आहे का म्हणून. सगळे नळ एकदम सोडायचे आणि मोरीतलं पाणी कसं जातं ते बघत उभे राहायचे. फरशीवर टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ते ऐकायचे. एक घर स्वस्त होतं, पण तिथे जिना अंधारा होता. एक फार देखणं होतं, पण त्याच्या आसपास ना बस थांबत होती ना दुकान होतं. शेवटी त्यांनी हे घर पसंत केलं. जवळच मोठा दवाखाना आहे. पेंटर म्हणाले, "दवाखाना म्हटलं की नर्स आल्या, औषधवाले आले. आपलं घर रिकामं राहायचं नाही." काकूंनी नाक मुरडलं, पण त्याच दिवशी येऊन सगळ्या खिडक्या धुऊन काढल्या.

रंग पेंटरनी स्वतः दिला. भिंतींना साधा पांढरा. आणि आतल्या खोलीत छताच्या हातभर खाली, चारी भिंतींवरून फिरणारी एक बारीक निळी रेघ. पट्टी न लावता, नुसत्या हाताने.

"भाडेकरूला कशाला हवी रेघ?" काकूंनी विचारलं.

"त्यालाही वाटू दे की आपण येणार म्हणून कुणीतरी मन लावून रंगवलंय. आणि हे बघ, एकदा किल्ली दिली की घर त्यांचं. आपण यायचं ते बोलावलं तर."

"हो हो, कळतं मला," काकू म्हणाल्या.

चौथ्या भिंतीवर रेघ अर्ध्यावर आली असताना पेंटरनी ब्रश खाली घेतला. ते सावकाश उतरले आणि माझ्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. "पाणी दे गं जरा," एवढंच म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून पेला भरून घेऊन आल्या, तोवर त्यांचं डोकं माझ्या पायाला टेकलं होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर अनेक माणसांचं वजन पडलं आहे. पण तेवढं जड वजन मी पुन्हा कधी पेललं नाही.

त्या भिंतीवरची रेघ आजही तिथेच संपते. शेवटी शेवटी ती फिकट होत जाते आणि मग नुसती भिंत असते.

पुढे घर भाड्याने देणं काकूंना भागच होतं. होतं नव्हतं ते सगळं या घरात घातलेलं होतं. एक दलाल त्यांना गिऱ्हाईक आणून द्यायचा. फोनवर सारखा "हॅलो, हॅलो" करायचा, म्हणून त्याला सगळे हॅलोभाऊ म्हणत. तो काकूंना म्हणाला, "काकू, ही शिडी तेवढी हलवा." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हणाल्या. मला घरी नेऊन रोज बघणं त्यांना सोसलं नसतं आणि भंगारात देण्याचा तर प्रश्नच नव्हता. हॅलोभाऊ कुठेही अडून राहणारा माणूस नव्हे. आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "दोन खोल्या, पाणी भरपूर, शिवाय शिडी फुकट."

पहिलं बिऱ्हाड आलं ते एका तरुण जोडप्याचं. नवरा-बायको दोघंही सकाळी कामाला जात. ते आल्यावर काही दिवसांनी, भर दुपारी, कुलपात किल्ली फिरली. मी कान टवकारले. काकू होत्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची, अडीअडचणीला असावी म्हणून. पेंटरचं ते फडकं माझ्या फळीखाली राहून गेलं होतं, ते न्यायला आल्या होत्या. फडकं त्यांनी घेतलं, पण निघवेना. त्यांनी मला उघडून चौथ्या भिंतीपाशी नेलं, वर चढून बसल्या आणि जिथे रेघ संपते तिथे बोट ठेवलं. मग फडक्याने त्या रेघेवरची धूळ पुसली.

मला फार बरं वाटलं, मित्रांनो. लपवून काय करू? कितीतरी दिवसांनी मला कुणी उघडलं होतं.

मग त्या वरचेवर येऊ लागल्या. जिन्यात आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन यायच्या. घरी बाटलीत उरलेल्या टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून आणायच्या, तशी पेंटरची पद्धत होती. रेघ पुसून झाली की मला पुन्हा कोपऱ्यात ठेवायच्या आणि जाता जाता घरातून एक चक्कर मारायच्या. नळ ठिबकत असेल तर घट्ट करायच्या. दोरीवरचे कपडे वाळले असतील तर काढून घड्या घालून ठेवायच्या. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट वाटायचं, आपण किती करतो भाडेकरूंसाठी! पण संध्याकाळी त्या तरुण बायकोने दार उघडलं आणि पलंगावर रचलेल्या घड्या पाहिल्या, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू घातल्यास?" तिने नवऱ्याला विचारलं. "मी आत्ता आलोय तुझ्याबरोबर," तो म्हणाला. काही आठवड्यांतच त्यांनी घर सोडलं. कारण विचारलं तर बदली झाली म्हणून सांगितलं.

मग मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या. त्यांनीही गाशा गुंडाळला. तेव्हा मात्र हॅलोभाऊ काकूंना घेऊन रिकाम्या घरात आला आणि घसा खाकरून म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण एक विचारू?"

"विचार की."

"पोरी म्हणत होत्या, घरात मधूनच रंगाचा वास येतो. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई सांगतात, घराला कुलूप असतं तेव्हा वर कुणीतरी शिडी उघडतं. किर्र, टक. रंग देताना पेंटरकाका इथेच गेले ना... म्हणून आपलं विचारलं."

काकू एकदम खाली बसल्या. हॅलोभाऊला वाटलं, बाई घाबरल्या. पण मी त्यांचा चेहरा बघत होते. एखाद्याला हरवलेलं माणूस सापडल्याची खबर मिळावी, तसा तो दिसत होता.

तुम्ही म्हणाल, शिडी उघडणाऱ्या त्याच होत्या, एवढं त्यांना कळू नये? पण जन्मभर पेंटरबरोबर राहिल्याने टर्पेंटाइनचा वास त्यांच्या नाकाला येतच नसे. त्यांच्या कपड्यांना, केसांना, हातांना तो कायमचाच होता. आणि मला त्या अगदी अलगद उघडत, निदान त्यांना तसं वाटायचं. आपल्या स्वतःच्या वावरण्याचा आवाज कुणी खालच्या मजल्यावर जाऊन ऐकत नाही. त्यातून त्यांना जे हवं होतं तेच कुणीतरी सांगत होतं. पेंटर इथे आहेत. रंगाचा वास आहे, शिडी उघडते, म्हणजे अजून त्यांचं काम चालू आहे. हॅलोभाऊ गेल्यावर त्या माझ्या खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मग मलाच का दिसत नाही तुम्ही?"

त्या दिवसापासून त्यांच्या खेपा वाढल्या. भूत शोधायला त्या जितक्या जास्त येत, तितकं भूत जास्त दिसू लागलं.

तिसऱ्या खेपेला आली ती दवाखान्यातली एक नर्स आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. मुलीचे पुढचे दोन दात मोठे होते आणि ती सारखं काहीतरी कुरतडत असायची, म्हणून आई तिला खारू म्हणायची. खारूने घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला शोधून काढलं. माझ्या पायऱ्यांवर तिने दुकान मांडलं. वरच्या पायरीवर वह्या, मधल्या पायरीवर बाहुलीचे कपडे, खालच्या पायरीवर गिऱ्हाईक म्हणून बाहुली. माझ्या दोन पायांवरून चादर टाकून ती आत बसायची आणि त्याला घर म्हणायची. दवाखान्यातून दमून आलेल्या आईला ती त्या घराच्या दारातच अडवायची. "आधी टकटक कर," म्हणायची. आई हवेतच टकटक करायची, मग खारू तिला आत घ्यायची. रस्ता सुटल्यापासून माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मग एक दिवस खारू शाळेतून घरी आली आणि दारातच थबकली. तिने नाक वर करून वास घेतला. माझ्यावरचं दुकान खाली भिंतीशी नीट ओळीने मांडलेलं होतं आणि बाहुलीच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावलेलं होतं. दुपारी काकूंनी येऊन मायेनेच लावलं होतं ते. खारूने बाहुलीला हात लावला नाही. आई येईपर्यंत ती जिन्यात बसून राहिली.

"आई, आपल्या घरात कुणीतरी येतं."

"कोण येणार? कुलूप असतं दाराला."

"बाहुलीचं बटण लावलंय."

"तूच लावलं असशील आणि विसरली असशील. असं काही नसतं, खारू."

आईचं तरी काय चुकलं? दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले असायचे. घर दवाखान्याच्या जवळ होतं, परवडणारं होतं, घासून पुसून लख्ख होतं. अशा घरात काहीतरी आहे हे मानायला तिला सवडच नव्हती. खारू पुन्हा पुन्हा सांगत राहिली आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली की असं काही नसतं. शेवटी खारूने सांगणं सोडून दिलं. दुकान मांडणंही सोडलं. माझ्याकडे पाठ करून बसायला तिला भीती वाटू लागली, म्हणून ती भिंतीला पाठ लावून अभ्यास करायची. वर्गात पेंगते म्हणून शाळेतून निरोप आला. नखं तर तिने मुळापर्यंत कुरतडली होती. मी तिच्यासमोर उभी होते आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

एके दिवशी तिला ताप आला. आईने दुपारपर्यंतच काम मागून घेतलं, खालच्या बाईंना मधून मधून वर डोकावायला सांगितलं आणि ती गेली. खालच्या बाई एकदा दार वाजवून, तिला बघून गेल्या. त्यानंतर घर शांत झालं. खारू आतल्या खोलीत पलंगावर डोळे मिटून पडली होती, आणि तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

आईला यायला अजून अवकाश होता, हे खारूला माहीत होतं. ती उठली, पलंगाखाली शिरली आणि भिंतीला चिकटून बसली.

काकू आत आल्या. चपला हातात, फडकं खांद्यावर. त्यांनी मला उचललं, चौथ्या भिंतीपाशी नेलं आणि उघडलं. तेव्हा मी जीव तोडून बिजागरी आवळून धरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण लाकडाचं चालतंय काय? किर्र, टक.

काकू वर चढल्या. "आले हो मी," म्हणाल्या. "रोज येते. सगळ्यांना तुमची चाहूल लागते आणि मलाच नाही. माझ्यावर रागावलाय का? पाणी आणायला उशीर झाला म्हणून?"

मग पलंगाखालून एक बारीक आवाज आला.

"आम्ही जाऊ इथून. आईला सांगून लगेच जाऊ. पण तिला काही करू नका. ती फार दमलेली असते."

काकूंच्या हातून फडकं गळून पडलं. ज्या आवाजासाठी त्या इतके दिवस तळमळत होत्या, तसा आवाज खरोखर आला तेव्हा त्यांची बोबडी वळली. त्या एकेक पायरी धरून खाली उतरल्या, तेव्हा त्यांना पलंगाखाली लहान पावलं दिसली आणि त्या जमिनीवर बसल्या.

"बाळा, तू आहेस होय? अगं, मी भूत नाही. मी घरमालकीण. तुम्ही घर बघायला आलात तेव्हा भेटले होते ना?"

खारू आणखी आत सरकली. "तुमच्या अंगाला त्याचा वास येतोय."

"कुणाचा?"

"भुताचा. तेच आहे हे. रोज हाच वास असतो."

काकूंनी आपला हात नाकाशी नेला. मग फडकं उचलून त्याचा वास घेतला. पुन्हा पुन्हा घेतला. त्यांना काहीच येत नव्हता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रेघेकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या सगळं ध्यानात आलं. वास त्यांचाच होता. शिडी उघडणाऱ्या त्याच होत्या. पेंटर या घरात नव्हते. ते गेले त्या दिवसापासून एक क्षणही नव्हते. काकू इतक्या मोठ्याने रडल्या की पलंगाखालच्या खारूला भीती विसरून त्यांच्याकडे बघावं लागलं. पेंटर गेले त्या दिवशी त्या अशा रडल्या नव्हत्या.

दार उघडं होतं. औषधाची पुडी घेऊन नर्स दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं, पण तिने आधी लेकीला पलंगाखालून काढून कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर आईच्या मानेला गच्च धरून बसली.

"ताई, माझं चुकलं," काकू म्हणाल्या. "आमचे हे इथेच गेले ना, म्हणून मी यायचे. तुमच्या कशालाही मी वाईट हेतूने हात लावला नाही."

"ते मला दिसतंय, काकू." नर्स म्हणाली. "तुमच्या दुःखाला मी काही म्हणत नाही. पण ही रोज मला सांगत होती की घरात कुणीतरी येतं. मी रोज तिला म्हणत होते की तुला भास होतात. माझी पोरगी खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडत होते. आता ती माझ्यावर तरी विश्वास कसा ठेवणार?"

काकूंनी आपल्याजवळची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "ही शिडी आजच हलवते. कुलूप बदलून देते. तुम्ही राहा, हवं तर भाडं नका देऊ काही दिवस."

नर्सने मान हलवली. "भूत नसतं हे तिला आज कळलं. पण आपण नसताना कुणीही आपल्या घरात येऊन जाऊ शकतं, हेही कळलं ना? त्याला मी काय करू?"

महिना संपताच त्या दोघी गेल्या. सामान उतरत असताना खारू एकदा माझ्यापाशी आली. मला वाटलं, माझ्या पायरीवरून हात फिरवेल. तिने दुरूनच माझ्या अंगाला वास येतो का ते बघितलं आणि ती आईचा हात धरायला पळाली. मी तिला दोष देत नाही.

त्यानंतर घर बरेच दिवस रिकामं होतं. रिकामं घर फार मोठं वाटतं, मित्रांनो. नळातला एखादा थेंब पडला तरी दोन्ही खोल्यांत ऐकू येतो. आता घरात खरोखर कुणीच नव्हतं, आणि गंमत बघा, लोकांची कुजबुज मात्र तेव्हाच सर्वांत जास्त वाढली. जिन्यातून जाणारी मुलं आमच्या दारापाशी आली की पळत सुटायची. काकू येत नव्हत्या. मी वाट बघायची आणि त्या आल्या नाहीत की मला बरंही वाटायचं आणि वाईटही.

मग काल सकाळी जिन्यात पावलं वाजली. चपलांचा चांगला खणखणीत आवाज होता. पावलं दारापाशी थांबली आणि घराची घंटा वाजली. रिकाम्या घरात ती केवढ्यांदा घुमली! मला वाटलं, कुणीतरी घर चुकलं. किल्लीचा आवाज येईना. थोडा वेळ गेला. आतल्या खोलीतून उठून, केस सारखे करून, दारापर्यंत यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. पुन्हा एकदा घंटा वाजली.

"काकू, अहो घर रिकामं आहे!" बाहेरून हॅलोभाऊचा आवाज आला. "किल्ली तुमच्याच हातात आहे. घंटा कुणासाठी वाजवताय? ही मंडळी खोळंबलीत घर बघायला."

"माहीत आहे रे," काकू म्हणाल्या. "हाताला सवय लावतेय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. आतून 'या' म्हणणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मला तोंड नाही. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि घर बघायला आलेल्यांना आधी आत येऊ दिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगायला हवं, आणि सांगतेही. पण त्याआधी एक करा. उद्या मोठेपणी तुम्ही घरं घ्याल, भाड्यानेही द्याल. कुणाच्या घराची किल्ली तुमच्या हातात असली, ते घर तुमच्या मालकीचं असलं, तिथे तुमचा जीव अडकलेला असला, तरी दार वाजवा आणि थांबा. आणि घरातलं एखादं लेकरू तुम्हाला म्हणालं की इथे कुणीतरी आहे, तर हातातलं काम ठेवा, त्याचा हात धरा आणि त्याच्याबरोबर आत जाऊन एकदा नीट बघून या.